सांगली जिल्हा पुराचा की दुष्काळाचा?

भूगोलशिक्षिका

आमच्या शाळेत नववीच्या मुलांकडून जिल्ह्याचा एक मोठा भिंतीनकाशा करून घेण्याचे ठरले आणि पहिल्याच तासाला वादाला तोंड फुटले. शाळेला वसतिगृह असल्यामुळे वर्गात मिरज-पलूसकडची मुले आहेत, तशीच जत-आटपाडीचीही आहेत. नदीकाठच्या मुलांनी नकाशाला 'महापुराचा जिल्हा' असे शीर्षक सुचवले. त्यावर जतचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, आमच्याकडं पूर फक्त टीव्हीवर येतो." ऑगस्ट 2019 मध्ये सांगली शहरात नावा फिरत होत्या, त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पूर्व भागात पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू होते. त्यामुळे त्याच्या बोलण्याला उत्तर देणे मला अवघड गेले.

पूर हा केवळ धरणांमुळे येतो, हे सोपे उत्तर मला पटत नाही, आणि निसर्गाचा कोप म्हणून हात झटकणेही पटत नाही. एवढ्या लहान जिल्ह्यात ही दोन टोके एकत्र कशी आली, आणि 2005, 2019 व 2021 चे पूर एकाच कारणाने आले का, यावर जाणकारांनी लिहावे. नकाशात नेमके काय दाखवावे, हेही सुचवावे.

माणदेशी

आपल्या जतच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. मी आटपाडीचा. आमच्या तालुक्यातील माण नदी कृष्णेला मिळतच नाही, ती भीमेला जाते. म्हणजे आम्ही सांगली जिल्ह्याचे नागरिक असलो, तरी पाण्याच्या हिशेबाने सोलापूरचे शेजारी आहोत. नकाशात निदान हा जलविभाजक ठळक रेषेने दाखवा.

दप्तरखाना

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर भूगोलात नसून इतिहासात आहे. आजचा जिल्हा नदीने घडवलेला नाही, तो संस्थानांच्या विलीनीकरणातून घडला. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचे प्रदेश, तसेच औंध संस्थानातील आटपाडीचा भाग एकत्र करून 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा तयार झाला. 21 नोव्हेंबर 1960 रोजी त्याचे नाव सांगली झाले. पटवर्धनांची सांगली नदीकाठची होती, तर जतचे डफळे आणि औंधचे पंतप्रतिनिधी माळरानावर राज्य करीत होते. कारभाराच्या सोयीसाठी ही सारी जमीन एका जिल्हाधिकाऱ्याकडे आली, म्हणून तिचे हवामान एक होत नाही.

सांगली शहर पुराच्या तोंडी का वसले, हेही पाहण्यासारखे आहे. मिरज हे जुने ठाणे नदीपासून काहीसे दूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या घराण्यातून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीला राजधानी केली. गणेशदुर्ग आणि नदीकाठचे गणपती मंदिर ही त्या काळची कामे आहेत. व्यापारी पेठ वाढली ती याच पट्ट्यात. त्या काळी पूर येत होते, पण पुराचे पाणी पसरायला जागा मोकळी होती.

गावभागकर

नदीकाठी राजधानी करून आप्पासाहेबांनी चूक केली, असे कोणी म्हणण्याआधीच लिहून ठेवतो की, मंदिराच्या चौथऱ्याची उंची पाहा. त्या माणसाला नदी कळत होती. नदी कळली नाही ती नंतर आलेल्यांना. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागांत पाणी सर्वांत आधी शिरते, हे शहरातील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरीही तेथे घरे वाढतच गेली. माझ्या एका नातेवाइकाने असाच एक भूखंड घेतला, तेव्हा विकणाऱ्याने "येथे 2005 लाच एकदा पाणी आले होते, आता शंभर वर्षे काळजी नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते. ती शंभर वर्षे चौदा वर्षांत संपली.

नकाशावाला

गावभागकर यांच्या नातेवाइकांना दिलेले आश्वासन ही फार प्रचलित गैरसमजूत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. याचा अर्थ शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे सुट्टी, असा नाही. दर वर्षी त्याची शक्यता शंभरात एक इतकी असते, आणि मागच्या वर्षी काय झाले याची नदी नोंद ठेवत नाही. शिवाय या रेषा जुन्या नोंदींवर बेतलेल्या असतात, त्यामुळे पाऊस पडण्याची तऱ्हा बदलली तर रेषाही पुन्हा आखाव्या लागतात.

बाईंना सूचना अशी की, मुलांकडून नकाशावर आधी पाऊस रंगवून घ्यावा. शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला चांदोलीचे जंगल आहे. वारणेच्या पाणलोटातील पाथरपुंज हे ठिकाण सातारा जिल्ह्यात मोडते आणि राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तेथे चांगल्या वर्षी सात हजार मिलिमीटरपर्यंतही पाऊस नोंदला जातो. तेथून पूर्वेला जतकडे निघालो की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. सुमारे दीडशे किलोमीटरमधला हा फरक आहे. पाऊस पडतो घाटात, तुंबतो मधल्या पट्ट्यात आणि पूर्वेचा भाग त्या पावसाच्या सावलीत कोरडा राहतो. एकाच सह्याद्रीने ही दोन्ही कामे केली आहेत, त्यामुळे पूर आणि दुष्काळ एका जिल्ह्यात असणे यात विसंगती नाही.

वारणाकाठ

पावसाचे पटले, पण मूळ दुखण्याचे नाव कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. अलमट्टी! समुद्रसपाटीपासून 519.60 मीटरपर्यंत भरणारे, 123 टीएमसीचे (म्हणजे 123 अब्ज घनफुटांचे) धरण खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधून ठेवल्यावर वरचे पाणी जाणार कोठे? आणि आता ती उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्याचे चालले आहे. 2005 पूर्वी आमच्या गावात पाणी चढले तरी चार दिवसांत उतरत असे. आता ते आठ-दहा दिवस हलत नाही.

गावभागकर

आले. धाग्यावर पाचव्या-सहाव्या प्रतिसादापर्यंत अलमट्टी येणार, अशी मी घरात पैज लावली होती. चहा जिंकला.

निवृत्त_जलसंपदा

चहा घ्या, पण वारणाकाठ यांच्या अनुभवाची थट्टा नको. पाणी उतरायला वेळ लागतो, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. त्याच्या कारणाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते मांडण्यासाठी नदीबरोबर थोडे वरून खाली यावे लागेल.

महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला कराडला कोयना मिळते. पुढे ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीला लागून हरिपूरला वारणा आणि त्यानंतर नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. म्हणजे सांगली शहर दोन मोठ्या संगमांच्या वरच्या अंगाला, अगदी त्यांच्या उंबऱ्यावर बसले आहे. वारणा दुथडी भरून आली की हरिपूरपाशी कृष्णेला वाट मिळत नाही. पंचगंगा फुगली की नृसिंहवाडीपाशी त्या दोघींनाही मिळत नाही. त्यात या टप्प्यात नदीचा उतार अतिशय कमी असून ती मोठमोठी वळणे घेत वाहते. त्यामुळे सांगलीचा पूर कोसळत येत नाही, तो तटतो. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी इंचाइंचाने चढते आणि इंचाइंचानेच उतरते. पात्राचा हा स्वभाव अलमट्टीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टी किंवा त्याच्या वरच्या अंगाच्या हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्याला (मागे तुंबणाऱ्या पाण्याला) मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी, पूरक्षेत्रातील अतिक्रमणे आणि पात्रातील अडथळे यांकडे तिने बोट दाखवले. सांगलीजवळचे पात्रच अलमट्टीच्या पूर्ण पातळीपेक्षा उंचावर आहे, हा त्यामागचा साधा युक्तिवाद आहे.

वारणाकाठ

साहेब, समिती मीही वाचली आहे. पण फुगवटा म्हणजे बादलीतील सपाट पाणी नव्हे. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो. खाली पातळी वाढली की वरच्या पाण्याचा उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि गाळ बसतो. धरणाची पातळी अमुक आणि शहराची तमुक, अशी वजाबाकी करून हा प्रश्न सुटत नाही. आणि अलमट्टीचा काहीच संबंध नसेल, तर दर पावसाळ्यात आपले अधिकारी आणि मंत्री तेथून विसर्ग वाढवा म्हणून कर्नाटकाशी का बोलतात? 2019 मध्ये तेथून पाच लाख क्युसेकच्या (सेकंदाला पाच लाख घनफुटांच्या) वर पाणी सोडावे लागले, ते उगाच नव्हे.

निवृत्त_जलसंपदा

उताराचा आपला मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि तो गणिती प्रारूपावर तपासूनच निकाली निघू शकतो. 524.256 मीटरची परवानगी दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने 2010 च्या निर्णयात दिली आहे, आणि महाराष्ट्राने उंची वाढवण्यास हरकत घेतली आहे. ती हरकत घ्यायलाच हवी, असे माझेही मत आहे. माझा आक्षेप एवढाच की, सगळा दोष खालच्या धरणावर टाकला की वरच्या बाजूला आपण काय करून ठेवले, हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

बाईंचा दुसरा प्रश्न येथेच येतो. 2019 मध्ये आयर्विनवर पाणी 57 फूट 6 इंचांपर्यंत गेले, तर 2005 मध्ये ते सुमारे 54 फूट आणि 2021 मध्ये 55 फुटांच्या आसपास होते. तेथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. आकडे जवळचे दिसले तरी पूर सारखे नव्हते. 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयना आणि वारणा ही धरणे भरत आलेली होती आणि घाटात पाऊस थांबायला तयार नव्हता. त्यामुळे धरणांचे पाणी आणि धरणांखालचे पाणी एकावर एक चढले, आणि पूर दीर्घकाळ रेंगाळला. 2021 मध्ये जुलै महिना होता आणि धरणांत जागा होती. 22 जुलैच्या सुमारास एकट्या महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि धरणांच्या खालच्या, म्हणजे कोणाच्याही दरवाजाच्या ताब्यात नसलेल्या मुक्त पाणलोटातून पाणी धावत आले. तो पूर झपाट्याने चढला आणि तुलनेने लवकर उतरला. 'धरण आधी रिकामे ठेवले असते तर' हा प्रश्न 2019 ला विचारण्यासारखा आहे, 2021 ला त्याचा उपयोग फारसा नाही.

शिराळकर

धरण रिकामे ठेवावे, असे म्हणणे सोपे आहे. पावसाने पुढे दडी मारली तर त्याच धरणावर वीज आणि उन्हाळ्याचे पाणी अवलंबून असते. कोयनेच्या 105 टीएमसीतील मोठा वाटा वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडला जातो आणि अखेर अरबी समुद्राला मिळतो. पहिल्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. ऑगस्टमध्ये धरण अर्धे ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मे महिन्यात कोणी हार घालणार नाही.

हळदीचा_व्यापार

आकड्यांच्या या चर्चेत हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीतील कोठारांची, आठवण कोणी काढली नाही, म्हणून लिहितो. मुलांच्या नकाशात त्यांना जागा मिळायला हवी. संगमाकाठच्या त्या जमिनीत एक विशेष गुण होता. खोल खणले तरी माती ढासळत नसे आणि ओल धरत नसे. तोंड अरुंद, आत पोट मोठे, असे वीस-पंचवीस फूट खोल पेव खणून आत शेणाने सारवत, तळाशी व कडेला पाला आणि चटया लावत, हळद भरून तोंड मातीने बंद करत. वर्षानुवर्षे हळद किडीविना राहत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा जिवावर बेतते, म्हणून ते काही तास उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा आणि तो विझला नाही तरच दोर बांधून माणूस उतरायचा.

2005 मध्ये पुराचे पाणी या पेवांत शिरले आणि हळद जमिनीतच कुजली. त्यानंतर शीतगृहे वाढत होतीच, पेवांचा व्यवहार ओसरत गेला. पूर म्हटले की पडलेली घरे आणि वाहून गेलेली जनावरे मोजतात, ते योग्यच आहे. पण गोदामाची एक अख्खी पद्धत त्या पाण्यात गेली, तिचा पंचनामा कोठे झाला नाही.

कृष्णाकाठची_सून

हळदीचा विषय निघाला म्हणून वांग्यांचाही निघू द्या. पुराने आणलेल्या गाळाच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या जमिनीत, पिकलेले कृष्णाकाठचे वांगे ज्याने खाल्ले नाही, त्याने नदीवर बोलू नये, असे माझ्या सासूबाईंचे ठाम मत आहे. गमतीचा भाग सोडला, तर मुद्दा असा की, जुन्या लोकांना लहान पूर हवा असायचा. पाणी मळीवर यायचे, गाळ टाकायचे आणि जायचे. आता मळीत बारमाही ऊस उभा असतो. आठ दिवस पाण्याखाली राहिला की तो शेंड्याच्या पोंग्यात पाणी जाऊन कुजतो, आणि त्याची झळ पुढच्या गळीत हंगामाला बसते. नदी जेथे हातपाय पसरत होती तेथे आपण नगदी पीक लावले, आणि त्यावर कर्जही काढले.

माणदेशी

तुमच्या नको असलेल्या पाण्याचे काय करायचे, हे आम्हाला विचारा. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या उपसा योजना त्यासाठीच तर आहेत. पुराचे पाणी उचला आणि आमचे तलाव भरा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाऊ शकते, तर मिरजेहून जतला का नाही?

नकाशावाला

तलाव जरूर भरावेत आणि आता पावसाळ्यात पंप चालवून ते भरलेही जातात. मात्र त्यामुळे सांगलीचा पूर कमी होईल, अशी आशा कोणी धरू नये. नदीतून दोन लाख क्युसेक पाणी वाहत आहे असे धरू. एका दिवसात ते सव्वासतरा टीएमसीच्या आसपास होते. टेंभू योजनेला मुळात संपूर्ण वर्षासाठी मंजूर झालेले पाणी 22 टीएमसी होते. जे पाणी उचलायला एका मोठ्या योजनेला वर्ष दिले आहे, ते पुरात दीड दिवसात आयर्विनखालून निघून जाते. पंपाने दुष्काळ हटवता येईल, पूर नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुराचे पाणी दुष्काळी भागात वळवण्याच्या योजनेची चर्चा आहे, तिच्याकडेही मी याच मोजपट्टीने पाहतो.

माणदेशी

मोजपट्टी मान्य आहे. आम्ही पूर कमी करायला पाणी मागतच नव्हतो, प्यायला आणि पेरायला मागत होतो. वीजबिलाचे तेवढे पाहा. 81 टक्के शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे ठरले, तेव्हा कोठे पंप नियमित चालू लागले. पाणी डोंगर चढते ते विजेवर, आणि वीज चालते ती थकबाकी भरल्यावर.

पलूसकर

मी ब्रह्मनाळच्या जवळचा. 8 ऑगस्ट 2019 ला पुरात नाव उलटून झालेल्या दुर्घटनेवर येथे अधिक लिहिणार नाही, ज्यांची माणसे गेली ती आमच्यातलीच आहेत. भूगोलाच्या अंगाने एक गोष्ट मात्र बाईंच्या नकाशासाठी सांगतो. येरळा ही दुष्काळी खटाव आणि खानापूर भागातून येणारी नदी. वर्षातील बराच काळ तिच्या वाळूतून चप्पल न भिजवता पलीकडे जाता येते. पण कृष्णा भरली की तिचे पाणी येरळेच्या तोंडातून उलटे वर चढते. त्या वेळी येरळेच्या स्वतःच्या उगमाकडे पाऊस असतोच असे नाही. आमच्याकडे पाणी समोरून येत नाही, मागून आणि बाजूच्या ओढ्यांतून येते. रस्ता आधी जातो, गाव नंतर बुडते, आणि दोहोंमध्ये जो वेळ असतो, त्यात "यंदा एवढे चढणार नाही" असे म्हणत माणसे थांबतात.

गावभागकर

शहरातही तसेच आहे. शेरीनाला एरवी शहराचे सांडपाणी नदीला नेऊन देतो, पुरात नदी ते व्याजासह परत करते. घाटावरून पाणी येईल म्हणून आपण तिकडे डोळे लावून बसावे, तर ते नाल्यातून मागच्या गल्लीत हजर असते.

आणि पुलावर पाणी पाहायला जमलेल्या गर्दीत प्रत्येक जण पाटबंधारे खात्याचा मुख्य अभियंता असतो, हे निवृत्त साहेबांनी मनावर घेऊ नये. 1929 पासून तो पूल उभा आहे, त्याने बरेच अभियंते पाहिले.

निवृत्त_जलसंपदा

मनावर घेत नाही. मीही तेथेच उभा असतो.

पलूसकर यांचा मुद्दा माझ्या मते या धाग्यातील सर्वांत उपयोगी आहे. त्याला रस्त्यांच्या भरावाची जोड द्यावी. पूरमैदानातून जाणारा रस्ता उंच भरावावरून नेला आणि मोऱ्या तोकड्या ठेवल्या, की तो आडवा बांध होतो. रस्ता करणाऱ्याला तो पाण्यावर राहायला हवा असतो, आणि वरच्या अंगाच्या गावाला तोच रस्ता पाणी अडवणारा वाटतो. दोघांचेही बरोबर असते, म्हणून असे रस्ते शक्य तेथे खांबांवर न्यावेत.

वारणाकाठ

येथे आपले एकमत झाले, याची नोंद व्हावी. अलमट्टीवर झालेले नाही, याचीही व्हावी.

दप्तरखाना

मूळ प्रश्नाकडे येतो. बाई, नकाशा जिल्ह्याच्या सीमेवर कापू नका. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे, पंचगंगेचा संगम कोल्हापूर जिल्ह्यात आहे, अलमट्टी कर्नाटकात आहे आणि फूटपट्टी मात्र सांगलीच्या पुलावर आहे. 1949 साली आखलेल्या चौकटीत पूर मावत नाही. वर्गाला दोन नकाशे करू द्या. पहिल्यात दहा तालुके दाखवा, आणि दुसऱ्यात महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंतचे खोरे दाखवून त्यावर जिल्ह्याची सीमा फक्त तुटक रेषेने काढा. जतच्या विद्यार्थ्याला पहिल्या नकाशाचे शीर्षक ठरवू द्यावे.

भूगोलशिक्षिका

सर्वांचे आभार. दोन नकाशांची कल्पना मुलांना आवडली आहे. दुसऱ्या नकाशावर पलूसकर यांनी सांगितलेला येरळेतील उलटा बाण लाल रंगाने काढायचा ठरला. पाणी उलटे कसे चढेल म्हणून त्यावर पुन्हा वाद झाला, तेव्हा मैदानात चर खणून, दोन बादल्या ओतून तो मिटवावा लागला. आता दोन गोष्टी हव्या आहेत. हरिपूरच्या पेवाचा उभा छेद कोणाकडे काढलेला असल्यास त्याची मापे कळवावीत, आणि येरळेत 2019 मध्ये कृष्णेचे पाणी कोणत्या गावापर्यंत वर चढले होते, हे त्या काठच्या सदस्यांनी सांगावे.

पलूसकर

येरळाकाठच्या गावांतील पूरखुणा पाहून सांगतो. काही ठिकाणी देवळाच्या भिंतीवर रंगाने रेघ मारून ठेवली आहे. रविवारी जाऊन येईन.

हळदीचा_व्यापार

पेवाची मापे माझ्याकडे आहेत. घेर वरच्या तोंडाला एवढाच की माणूस हात वर करून जेमतेम उतरेल. बाकीचे कागदावर काढून येथे चढवतो.